बिनबिलाचं बियाणं आणि फुकटची थीम: साइट बंद पडली तर मदत कोणाला मागायची?

समजा, वणीत किंवा पुसदला तुमचं छोटं न्यूज पोर्टल आहे. बाजार समितीत कापसाचा भाव निघालाय, बातमी तयार आहे, लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचीय. आणि साइट उघडते ती पांढरीफटक. वर फक्त एक ओळ, या साइटवर गंभीर बिघाड झालाय अशा अर्थाची.

साइट बनवून देणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणतो, "दादा, प्लगइनचा प्रॉब्लेम आहे. ते कंपनीवालेच सांगतील." कंपनी कुठली? तिला विचारायचं कसं? आणि तिनं तुम्हाला उत्तर का द्यावं?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण त्याचं उत्तर साइट बंद पडल्यावर ठरत नाही. साइट बनली त्या दिवशीच ते ठरलेलं असतं.

यवतमाळ जिल्ह्यात पोर्टल चालवणारे आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, शाळा-कॉलेजं, क्लासेस, लॉन आणि मंगल कार्यालयं आहेत. यातल्या कुणाचीही साइट असली तर ती वर्डप्रेसवर असण्याची शक्यता बरीच मोठी. जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारेक वर्डप्रेसवर चालतात. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

आधी हे प्लगइन आणि थीम म्हणजे काय?

वर्डप्रेस हे २००३ मध्ये सुरू झालेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. घराचा सांगाडा समजा. थीम म्हणजे रंगरंगोटी आणि खोल्यांची मांडणी. प्लगइन म्हणजे नळ, पंखा, इन्व्हर्टर. फॉर्म भरून घ्यायचा, ऑनलाइन पैसे घ्यायचे, साइट वेगात चालवायची, प्रत्येक कामाचं वेगळं प्लगइन.

गंमत अशी की हे सगळं बनवणारे लोक वेगवेगळे. सांगाडा एकाचा, रंग दुसऱ्याचा, नळ तिसऱ्याचा. कुणी पुण्यातली कंपनी, कुणी युरोपातला एकटा डेव्हलपर जो नोकरी सांभाळून रात्री कोड लिहितो. तुमच्या साइटवर वीस प्लगइन असतील तर ते बनवणारी वीस वेगवेगळी माणसं असू शकतात. आणि बिघाड अनेकदा एकट्या प्लगइनमध्ये नसतो. दोन प्लगइनचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून साइट पडते. मग दोघंही म्हणतात, आमच्याकडून तर सगळं ठीक आहे.

याउलट जिल्हा प्रशासनाची साइट घ्या. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, उभारलेल्या सरकारी यंत्रणेवर चालते. माहिती जिल्हा प्रशासनाची, तांत्रिक जबाबदारी एनआयसीची. बिघडलं तर कुणाला विचारायचं हे ठरलेलं. खासगी छोट्या साइटला अशी एकच खिडकी नसते.

फुकट प्लगइनवाला मदतीला बांधील आहे का?

स्पष्ट सांगायचं तर नाही.

वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत साठेक हजार मोफत प्लगइन आहेत. ती जीपीएल या परवान्याच्या चौकटीत येतात. या परवान्यानं तुम्हाला मोठं स्वातंत्र्य दिलंय: वापरा, बदला, वाटा, विका. पण त्याच परवान्यात हेही लिहिलंय की सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलंय, त्याची कुठलीही हमी नाही. चाललं तर चाललं.

तरीही यादीतल्या प्रत्येक प्लगइनच्या पानावर प्रश्न विचारायची जागा असते. तिथं उत्तर मिळतं ते डेव्हलपरच्या चांगुलपणामुळे, किंवा त्याला आपलं पैसेवालं व्हर्जन विकायचं असतं म्हणून. दोन्ही कारणं चांगलीच आहेत. पण चांगुलपणावर हक्क सांगता येत नाही. "दोन दिवस झाले, अजून उत्तर नाही, किती बेजबाबदार आहात" असं तिथं लिहिणारे भरपूर असतात. त्यांना उत्तर सगळ्यात उशिरा मिळालं तर नवल नाही.

म्हणून प्लगइन टाकण्याआधी त्याच्या पानावरच्या चार गोष्टी बघायच्या. शेवटचं अपडेट कधी आलं? किती साइटवर ते चालू आहे? वर्डप्रेसच्या कोणत्या व्हर्जनपर्यंत तपासलंय? आणि गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांपैकी किती सुटले? हा शेवटचा आकडा तिथंच दिलेला असतो. वर्डप्रेसच्या ताज्या तीन मोठ्या व्हर्जनसोबत प्लगइन तपासलेलं नसेल तर पानावर तसा इशाराही येतो. तो दिसला की दुसरं प्लगइन शोधलेलं बरं.

पैसे भरले असतील तर?

मग हक्क येतो, पण मोजूनमापून.

थीम विकणारा सगळ्यात मोठा बाजार म्हणजे थीमफॉरेस्ट. तिथं विकत घेतलेल्या बहुतेक थीमसोबत सहा महिन्यांची मदत मिळते. जादा पैसे भरून ती बारा महिन्यांपर्यंत वाढवता येते. मुदत संपली तरी अपडेट मिळत राहतात, पण प्रश्नांना उत्तर देण्याचं बंधन संपतं. या मदतीत काय येतं तेही ठरलेलं आहे. थीममधला दोष दुरुस्त करणं येतं. तुमच्या मनासारखा बदल करून देणं किंवा साइटवर थीम बसवून देणं येत नाही.

मदत मागताना खरेदीचा एक कोड द्यावा लागतो. आपल्याकडची मेख नेमकी इथं आहे.

साधा परवाना एका साइटपुरता असतो. पण साइट बनवून देणारा अनेकदा थीम स्वतःच्या खात्यातून एकदा विकत घेतो आणि तीच दहा ग्राहकांच्या साइटवर बसवतो. कोड त्याच्या खात्यात, मुदत त्याच्या पहिल्या खरेदीपासून सुरू. डेव्हलपरच्या लेखी ग्राहक तो आहे, तुम्ही नाही. तुम्ही पैसे मोजले असतील, पण कंपनीच्या वहीत तुमचं नाव नाही.

बिनबिलाचं बियाणं

यवतमाळच्या वाचकाला हे समजायला बियाण्याचं उदाहरण पुरेल. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो. पंचनामा होतो. पण त्यासाठी बिल, पिशवी आणि पिशवीवरचं लेबल लागतं. एचटीबीटी कापसाच्या बियाण्याला देशात मंजुरी नाही. ते गुपचूप, बिनबिलाचं विकलं जातं. ते फसलं तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? बिलच नाही.

'नल्ड' थीम म्हणजे इंटरनेटवरचं बिनबिलाचं बियाणं. पैसेवाल्या थीमचं कुलूप तोडून कुणीतरी ती फुकट वाटतो. बाहेरून अगदी तशीच दिसते. आत काय मिसळलंय ते कळत नाही. आणि खरेदीची नोंद नसल्यामुळे कंपनीकडून ना मदत, ना अपडेट.

अपडेट न मिळाल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण २०२३ मधलं आहे. 'न्यूजपेपर' नावाची थीम न्यूज पोर्टलवाल्यांमध्ये जगभर लोकप्रिय. थीमफॉरेस्टवर तिची लाखाहून जास्त विक्री झालीय. ती बनवणाऱ्या टॅगडिव्ह कंपनीच्या एका सोबतच्या प्लगइनमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं. 'बलाडा इंजेक्टर' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या हल्लेखोरांनी त्याचा फायदा घेतला. सुकुरी या सुरक्षा कंपनीच्या नोंदीनुसार सप्टेंबर २०२३ या एका महिन्यात १७ हजारांहून अधिक साइट बाधित झाल्या. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक या एका भगदाडाशी जोडलेल्या होत्या. अशा साइटवर आलेला वाचक भलत्याच, फसव्या पानांवर नेला जायचा.

कंपनीनं दुरुस्ती दिली होती. पण दुरुस्ती पोचते ती अपडेट घेणाऱ्याकडे. ज्यानं थीम फुकटात उचलली त्याच्या साइटवर अपडेट आपोआप येत नाही. आणि बनवून देणाऱ्याच्या खात्यातली थीम असेल तर त्यानं लक्ष दिलं तरच येतं. पोर्टलवाल्यासाठी यात फक्त साइट जात नाही. वाचकाला एकदा लॉटरीच्या भलत्या पानावर नेलं की पुढच्या वेळी तो तुमची लिंक उघडत नाही.

पुण्यातल्या कंपनीचे दोन किस्से

मदत नेहमी परदेशातूनच येते असं नाही. वर्डप्रेसच्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या थीमपैकी एक, अ‍ॅस्ट्रा, पुण्याची आहे. ब्रेनस्टॉर्म फोर्स ही कंपनी ती बनवते. या कंपनीच्या दोन घटनांमधून हा सगळा व्यवहार कसा चालतो ते दिसतं.

पहिली डिसेंबर २०१९ ची. कंपनीच्या 'अल्टिमेट अ‍ॅडऑन्स' या पैसेवाल्या प्लगइनमध्ये गंभीर दोष सापडला. अ‍ॅडमिनचा ईमेल पत्ता माहीत असला की पासवर्डशिवाय साइटमध्ये शिरता येईल असा. दोष कळवल्यावर कंपनीनं काही तासांतच दुरुस्त व्हर्जन आणलं. डेव्हलपरची खरी मदत बऱ्याचदा अशी असते. तुम्ही न मागता येते, आणि डॅशबोर्डवर 'अपडेट उपलब्ध' अशी एक ओळ होऊन बसते. आपण ती महिनोन्‌महिने बघत नाही.

दुसरी घटना ऑगस्ट २०२० ची. अ‍ॅस्ट्रा तेव्हा दहा लाखांहून जास्त साइटवर होती. अधिकृत यादीतल्या थीममध्ये कमिशन मिळवून देणाऱ्या लिंक चालत नाहीत. अ‍ॅस्ट्रात तसा कोड असल्याच्या कारणावरून थीम यादीतून निलंबित झाली. कंपनीनं तो भाग काढला, थीम लवकरच परत आली, पण काही आठवडे लोकप्रिय थीमच्या यादीत तिला जागा नव्हती. चालू साइट बंद पडल्या नाहीत. पण एक गोष्ट लक्षात आली. डेव्हलपर आणि तुमच्यामध्ये आणखी एक दार आहे, ते म्हणजे ही यादी चालवणारे.

मग २०२४ मध्ये त्या दारावरच भांडण झालं

वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि अमेरिकेतली होस्टिंग कंपनी डब्ल्यूपी इंजिन यांच्यात सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर वाद पेटला. मुलेनवेग यांचं म्हणणं, ही कंपनी वर्डप्रेसच्या जिवावर पैसा कमावते पण परत काही देत नाही. डब्ल्यूपी इंजिनचं म्हणणं, आमच्याकडून बळजबरीनं पैसे मागितले जातायत.

२५ सप्टेंबरला डब्ल्यूपी इंजिनचा वर्डप्रेस डॉट ऑर्गशी संपर्क तोडण्यात आला. म्हणजे तिच्या सर्व्हरवर असलेल्या ग्राहकांना यादीतून थीम-प्लगइनचे अपडेट मिळेनात. दोन दिवसांनी थोडी सवलत मिळाली, १ ऑक्टोबरपासून पुन्हा बंद. या ग्राहकांचा भांडणाशी काही संबंध नव्हता.

मग १२ ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिनचं 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे प्लगइन यादीतून ताब्यात घेऊन त्याच जागी 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' नावानं ठेवण्यात आलं. मूळ प्लगइन वीस लाखांहून अधिक साइटवर होतं. ज्यांचं ऑटो-अपडेट चालू होतं त्यांच्या साइटवर रातोरात प्लगइनचं नावही बदललं आणि सांभाळणारे लोकही. आधी ज्यांना प्रश्न विचारत होतो ते आता त्या पानावर नव्हते.

प्रकरण कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेलं. १० डिसेंबर २०२४ रोजी कोर्टानं अंतरिम आदेश देऊन डब्ल्यूपी इंजिनचा संपर्क आणि ते प्लगइन परत द्यायला लावलं.

यवतमाळच्या पोर्टलवाल्याला याच्याशी काय देणंघेणं? इतकंच, की 'मोफत आणि सगळ्यांचं' असलेल्या सॉफ्टवेअरची यादी मात्र कुणाच्या तरी हातात असते. वर्डप्रेस डॉट ऑर्ग आपल्या मालकीची आहे असं मुलेनवेग यांनी स्वतःच सांगितलंय. कोड सगळ्यांचा, दाराची किल्ली एकाची. म्हणून आपल्या साइटचा पूर्ण बॅकअप आपल्याकडे असणं ही चैन नाही, गरज आहे.

मदत मागायची तर कशी?

"साइट चालत नाही, अर्जंट मदत करा." या वाक्याला कुणीही उपयोगी उत्तर देऊ शकत नाही. डॉक्टरला "बरं वाटत नाही" एवढंच सांगितल्यासारखं ते आहे.

१. आधी ईमेल बघा. मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ व्हर्जनपासून साइटवर मोठा बिघाड झाला की वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर ईमेल पाठवतं. दोष कोणत्या प्लगइनमध्ये किंवा थीममध्ये आहे ते त्यात लिहिलेलं असतं आणि आत शिरायची एक खास लिंकही असते. आता सांगा, तुमच्या साइटवर अ‍ॅडमिन म्हणून कुणाचा ईमेल टाकलाय? तुमचा की साइट बनवून देणाऱ्याचा?

२. दोषी कोण ते शोधा. प्लगइन एकेक करून बंद करा. ज्याच्या बंद होण्यानं साइट सुरू झाली तो संशयित. आतच जाता येत नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं तरी प्लगइन बंद होतं. हे करण्याआधी बॅकअप.

३. पूर्ण माहिती द्या. डॅशबोर्डच्या 'साइट हेल्थ' पानावर वर्डप्रेस, पीएचपी, थीम, प्लगइन, सगळ्यांची व्हर्जन एका बटणावर कॉपी होतात. त्यासोबत लिहा: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कधीपासून. दोषाची ओळ जशीच्या तशी द्या. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. भाषांतर करून टाका, पण माहिती अर्धवट ठेवू नका.

४. योग्य दार ठोठवा. मोफत प्लगइनचा प्रश्न त्याच्या यादीतल्या पानावर. पैसेवाल्या व्हर्जनचा प्रश्न कंपनीच्या स्वतःच्या मदत केंद्रात, कारण यादीच्या पानावर तो विचारायला मनाई आहे.

५. पासवर्ड जाहीर लिहू नका. वर्डप्रेसच्या नियमानुसार यादीच्या पानावर मदत करताना डेव्हलपरनं तुमचं लॉगिन मागायचं नसतं. कुणी खासगी मेसेज करून मागितलं तर सावध. पैसेवाल्या कंपनीच्या मदत केंद्रानं मागितलं तर तात्पुरतं वेगळं खातं काढून द्या, आणि काम झालं की ते काढून टाका. तुमच्या साइटवर ग्राहकांचे नंबर आणि पत्ते असतात, हे विसरू नका.

कायदा काय म्हणतो?

फुकट प्लगइनबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करणं अवघड, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक तोच, ज्यानं मोबदला दिला किंवा द्यायचं कबूल केलं.

पण साइट बनवून देणाऱ्याला तुम्ही पैसे दिलेत. तो सेवा देणारा, तुम्ही सेवा घेणारे. 'व्यापारी कारणासाठी' घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही, मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती घेतलेली सेवा बसते. एकट्यानं पोर्टल किंवा शिकवणी चालवणाऱ्याला हे लागू होऊ शकतं. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर दाद यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. त्याआधी सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण इथंही बियाण्याचाच नियम: बिल हवं, आणि काय देणार होता ते लिहून घेतलेलं हवं. तोंडी व्यवहारात "वर्षभर बघतो ना दादा" याला कोर्टात किंमत कमी.

साइट बनवणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पाच-सात हजारांत साइट मागायची आणि तिची देखभाल कायमची फुकट हवी, हा हिशोब त्यालाही परवडत नाही. मग तो एक थीम दहा ठिकाणी लावतो किंवा नल्ड उचलतो. थीमचे पैसे वेगळे, वर्षाच्या देखभालीचे वेगळे, असं सुरुवातीलाच बोललं तर दोघांचंही भलं.

मग आज काय करायचं?

साइट चालू असतानाच, ज्यानं बनवून दिली त्याच्याकडून पाच गोष्टी लेखी मागून घ्या. डोमेन कुणाच्या नावावर आहे. होस्टिंगचं लॉगिन. वर्डप्रेसचं अ‍ॅडमिन खातं, तुमच्या ईमेलवर. पैसेवाल्या थीम आणि प्लगइनची यादी, त्यांचा खरेदी कोड आणि मदतीची मुदत. आणि ताज्या बॅकअपची एक प्रत.

यातली एखादी गोष्ट देताना तो टाळाटाळ करत असेल तर तुमच्या साइटचं खरं दुखणं तेच आहे. प्लगइनचा दोष डेव्हलपर आज ना उद्या दुरुस्त करेल. पण ती दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचायची असेल तर त्याच्या वहीत आधी तुमचं नाव हवं.